ऑफिस टाइमच्या कळ्या उमलत नाहीत आणि पावसात बुंधे सडत आहेत, काय करावे?

मधुमालती (ठाणे), 3 जुलै

नमस्कार मंडळी. साताऱ्याला माझ्या आईच्या अंगणात, विहिरीच्या कट्ट्यालगत, राणी रंगाच्या ऑफिस टाइमचा गालिचा पसरलेला असे. काही जण याच फुलाला चिनी गुलाब म्हणतात. वडील कचेरीला निघत त्या सुमारास सगळी फुले उमललेली असत आणि दुपारच्या चहापर्यंत मिटून जात. गेल्या वर्षी ते घर विकले. निघताना मी तिथल्या वीसेक काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या आणि पूर्वेकडच्या बाल्कनीत प्लास्टिकच्या चार लांबट कुंड्यांमध्ये लावल्या. लाल माती, कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात घेतले होते आणि पाणी रोज सकाळी देत होते.

रोपे भराभर पसरली, एप्रिलपासून कळ्याही भरपूर आल्या, परंतु त्यांतल्या बहुतेक न उमलताच सुकून गेल्या. बाल्कनीत सकाळी सात ते साडेनऊ एवढा वेळच ऊन असते. आता पाऊस सुरू झाल्यापासून दोन कुंड्यांमधल्या फांद्या मातीलगत तपकिरी आणि पाणचट होऊन हातात येत आहेत. शिवाय पानांच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसतो. शेजारच्या काकूंनी तो पिठ्या ढेकूण असल्याचे सांगितले, म्हणून कडुनिंबाचे तेल दोनदा फवारले, तरी तो जसाच्या तसा आहे.

सोसायटीने कुंपणाच्या भिंतीलगतचा बारा फूट लांब आणि दोन फूट रुंद असा वाफा मला वापरायला दिला आहे. तिथे सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत ऊन असते. उरलेली रोपे आताच तिथे हलवावीत का? आईच्या अंगणातली ही शेवटची रोपे आहेत, त्यामुळे घाईने काही चुकीचे करण्याची भीती वाटते.

पोयटा (पुणे), 3 जुलै

मधुमालतीताई, वाफ्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आज संध्याकाळीच रोपे वाचवण्याचे काम हाती घ्या, कारण एकदा बुंध्याला कूज लागली की चार-पाच दिवसांत ती पूर्ण कुंडी संपवते. सडलेल्या कुंड्यांमधल्या ज्या फांद्यांचे शेंडे अजून ताठ आहेत, ते बोटभर लांबीचे, म्हणजे साधारण 7 ते 10 सेंटिमीटरचे, धारदार आणि स्वच्छ कात्रीने कापून घ्या. कापल्यावर फांदीचा छेद डोळ्यांजवळ धरून पाहा. तो सगळीकडे सारखा, फिकट हिरवा किंवा गुलाबीसर आणि घट्ट असेल तर काडी चांगली आहे. मध्यभागी तपकिरी ठिपका किंवा कडेला पाणी भरल्यासारखे कडे दिसले, तर तेवढा भाग टाकून आणखी वर कापा आणि प्रत्येक वेळी कात्री पुसून घ्या. निरोगी वाटणाऱ्या दोन कुंड्यांमधूनही काही काड्या काढून ठेवा.

या काड्यांची खालची पाने काढून त्या वर्तमानपत्रावर, सावलीत आणि हवेशीर जागी दोन दिवस पसरून ठेवा. काडी कोमेजताना पाहून जीव कासावीस होतो हे मला ठाऊक आहे, पण तिच्या अंगात पाण्याचा साठा असतो आणि कापलेले तोंड सुकून त्यावर खपली धरणे फार महत्त्वाचे असते. ओल्या तोंडाची काडी ओल्या मातीत खोचली की बुरशीला दार उघडून दिल्यासारखे होते. त्यानंतर दोन भाग भरड वाळू, एक भाग चाळलेली लाल माती आणि मूठभर जुने शेणखत अशा मिश्रणात काड्या लावा. समुद्राची वाळू घेऊ नका, तिच्यात मीठ असते. बांधकामाची भरड वाळू चाळून आणि दोनदा धुऊन घेतली तरी काम भागते. लावल्यावर एकदाच हलके पाणी द्यावे आणि मग वरची माती सुकेपर्यंत कुंडीला हात लावू नये. आठवडा-दहा दिवसांत मुळे धरतात. ज्या कुंड्या सडल्या आहेत त्यांतली माती या रोपांसाठी पुन्हा वापरू नका, आणि कुंड्या घासून, धुऊन, कडक वाळवून घ्या.

मूळ चूक मिश्रणात आहे असे मला वाटते. कोकोपीट पाणी धरून ठेवते, गांडूळखतही धरते, आणि त्यावर आपण रोज पाणी घालत होतात. उन्हाळ्यात हे खपून गेले, कारण बाल्कनीतल्या उष्णतेने पाणी उडून जात होते. पावसाळ्यातल्या दमट हवेत ते उडत नाही. या रोपाला पाणी केव्हा हवे ते त्याची पाने सांगतात. पान दोन बोटांत धरून हलकेच दाबा. ते टणक आणि फुगीर असेल तर पाण्याची गरज नाही, आणि ते मऊ पडून त्यावर बारीक सुरकुती आली असेल तर पाणी द्या. मी गेली बारा वर्षे ही रोपे गच्चीवर वाढवतो आहे आणि इतक्या वर्षांत पाण्यावाचून गेलेली रोपे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, पाण्याने गेलेली मात्र अनेक आहेत.

शाळेतली बाग (निवृत्त वनस्पतीशास्त्र शिक्षक, कोल्हापूर), 4 जुलै

पोयटा यांनी सांगितलेली काडीची पद्धत अचूक आहे. मी कापसाबद्दल आणि कळ्यांबद्दल लिहितो.

आपण ज्याला कापूस म्हणत आहात ते बहुधा रोपाचे स्वतःचे केस आहेत. ऑफिस टाइमच्या, म्हणजे पोर्तुलाका ग्रँडिफ्लोराच्या, प्रत्येक पानाच्या बेचक्यात पांढऱ्या लांब केसांचा एक झुबका असतो आणि कळ्यांच्या भोवती तो अधिक दाट असतो. भिंगाखाली हे केस सरळ, वेगवेगळे आणि स्वच्छ दिसतात, आणि फांदीवर खालपासून वरपर्यंत प्रत्येक पेऱ्याला सारखेच असतात. पिठ्या ढेकूण असा शिस्तीत बसत नाही. तो एखाद्या फांदीवर गर्दी करतो, त्याखालची जागा चिकट होते, बहुतेक वेळा मुंग्यांची ये-जा दिसते, आणि कानात घालायच्या कापसाच्या काडीने दाबले की पिवळसर चिकट डाग पडतो. ही परीक्षा करून पाहा. डाग पडला नाही, तर फवारणी ताबडतोब थांबवा. किडीची खात्री झालीच, तर एक लीटर पाण्यात 5 मिलिलीटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा द्रवरूप साबण मिसळून संध्याकाळी फवारावे, उन्हात कधीही फवारू नये.

कळ्यांचे कारण ऊन हेच आहे. ही वनस्पती मूळची अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझीलमधली आहे, आणि विल्यम हूकर यांनी 1829 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. रखरखीत, उघड्या, वालुकामय जमिनीवर ती वाढते आणि तिची सारी घडण त्या जमिनीला साजेशी आहे. ज्वारी, मका आणि ऊस ज्या पद्धतीने कडक उन्हाचा पुरेपूर वापर करून अन्न तयार करतात, तीच पद्धत हिच्याकडेही आहे. त्याखेरीज पाणी कमी पडले की ती दिवसा पर्णरंध्रे मिटून घेऊन रात्रीच्या गारव्यात कार्बन डायऑक्साइड आत घेऊ शकते, जे निवडुंगासारख्या वनस्पती करतात. या दोन्ही पद्धती एकाच वनस्पतीत असणे फार दुर्मीळ आहे आणि म्हणूनच वनस्पतीशास्त्राचे अभ्यासक पोर्तुलाका कुळाकडे इतक्या कुतूहलाने पाहतात.

अशा वनस्पतीचे फूल उमलायला प्रखर प्रकाश आणि ऊब दोन्ही लागतात. दिवसाला किमान सहा तासांचे थेट ऊन हवे. आपल्या बाल्कनीत ऊन तापू लागते तेव्हाच ते निघून जाते, त्यामुळे कळी उमलण्याच्या बेतात येते आणि तशीच राहते. फुलाचे आयुष्य एकाच दिवसाचे असल्याने तिला दुसऱ्या दिवशीची संधी मिळत नाही. या वेळेच्या नेमामुळेच आपण तिला ऑफिस टाइम म्हणतो, केरळात ती पत्तुमणी, म्हणजे दहा वाजताची, आणि व्हिएतनाममध्येही तिचे नाव दहा वाजताचे फूल असेच आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. एखादे फूल पूर्ण उमलले की झाडूच्या बारीक हिराने त्यातल्या पुंकेसरांना एका बाजूने हलकेच स्पर्श करा आणि थांबून पाहा. पुंकेसर स्पर्श झाला त्या दिशेला झुकतात. फुलात उतरलेल्या मधमाशीच्या अंगाला पराग लागावेत अशी ही सोय असावी. मी शाळेत असताना दरवर्षी मार्चमध्ये मुलांना हे दाखवत असे, आणि मागच्या रांगेतली मुले त्या दिवशी सर्वांत पुढे येत.

गडगा (रत्नागिरी), 4 जुलै

आमच्याकडे पावसाळा ठाण्याहून जोराचा असतो, म्हणून माझा अनुभव उपयोगी पडेल असे वाटते. उघड्यावर लावलेले ऑफिस टाइम कोकणातला पावसाळा सहसा काढत नाही आणि मी तो काढून घेण्याचा हट्ट आता सोडला आहे. मृगाच्या सुमारास, पाऊस धरण्याआधी, मी प्रत्येक रंगाच्या पंधरा-वीस काड्या वाळूच्या कुंड्यांमध्ये लावून पडवीत ठेवतो. त्यांना पावसाची झड लागू देत नाही आणि पाणी आठवड्यातून एकदा, तेही पाने मऊ पडली तरच देतो. अंगणातली रोपे पाऊस नेतो. दसऱ्यानंतर पडवीतल्या रोपांचे शेंडे खुडून पुन्हा अंगणात लावतो आणि डिसेंबरपर्यंत जमीन झाकली जाते.

फक्त एका जागची रोपे आजवर पावसातही टिकली आहेत. जांभ्याच्या जुन्या गडग्यात दोन चिऱ्यांमधल्या खाचेत, जिथे मूठभरही माती नाही, तिथे आपोआप रुजलेले एक रोप चौथा पावसाळा पाहत आहे. पाणी तिथे थांबतच नाही.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी. उमलून गेलेल्या फुलाच्या पाकळ्या वाळून गळत नाहीत, त्या विरघळून चिकट गोळा होतात आणि तिथेच बसून राहतात. त्या गोळ्यावर बुरशी लवकर धरते, म्हणून रोज संध्याकाळी तो चिमटीने काढून टाकावा. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायीही वेचाव्या लागतात, त्यांना ही रसाळ पाने फार आवडतात.

मधुमालती (ठाणे), 13 जुलै

सर्वांचे मनापासून आभार. त्याच संध्याकाळी कात्री घेऊन बसले. एकूण 31 काड्या निघाल्या. त्यांतल्या सात जणींच्या छेदात तपकिरी ठिपका होता, त्या आणखी वर कापल्या आणि तरीही तीन टाकाव्या लागल्या. उरलेल्या 28 काड्या दोन दिवस सुकवून लावल्या आणि आज एक हलकेच ओढून पाहिली, तर तिने माती धरून ठेवली आहे. कापसाच्या काडीवर डाग पडला नाही. सर, ते केसच होते, फवारणी थांबवली आहे.

आता दोन शंका आहेत. पावसानंतर वाफा कसा तयार करावा आणि त्याला किती रोपे लागतील? दुसरे असे की इंटरनेटवर निळ्या ऑफिस टाइमचे बी विकायला आहे. राणी रंगाच्या शेजारी निळा फार शोभेल असे वाटते. ते मागवावे का?

शाळेतली बाग (कोल्हापूर), 13 जुलै

निळ्या रंगाचे बी मागवू नका. या कुळातल्या फुलांचा रंग बेटालेन नावाच्या रंगद्रव्यांमुळे येतो, जी बीटच्या कंदात आणि बोगनवेलीतही असतात. त्यांच्यातून पिवळा, नारिंगी, लाल, गुलाबी आणि जांभळट राणी रंग मिळतो आणि रंगद्रव्य नसले की पांढरा मिळतो. गोकर्णासारख्या फुलांना निळा रंग देणारी रंगद्रव्ये वेगळ्या गटातली आहेत आणि ती या वनस्पतीत तयारच होत नाहीत. जाहिरातीतले छायाचित्र संगणकावर रंगवलेले असणार. आपण ते बी पेराल, त्यातून काही उगवले तर ते भलत्याच रंगाचे असेल, आणि तोवर पैसे परत मिळण्याची मुदत संपलेली असेल. अशा विक्रीचा मला मनापासून राग येतो, कारण ती नव्याने बागेकडे वळलेल्या माणसाचा उत्साह मारते.

पोयटा (पुणे), 14 जुलै

वाफ्याबद्दल सांगतो. काड्या 20 सेंटिमीटर अंतरावर लावल्या, तर आपल्या वाफ्यात लांबीला 18 आणि रुंदीला 3 अशा 54 बसतील. आज आपल्याकडे 28 आहेत. त्या सप्टेंबरपर्यंत वाढल्या की प्रत्येकीचा एक शेंडा खुडून लावा, म्हणजे शेंड्यांच्या 28 नव्या काड्या मिळतील आणि खुडलेल्या रोपांना बाजूने फुटवेही येतील. विकत काहीही आणावे लागणार नाही. काडीपासून झालेले रोप आईच्या अंगणातल्या रोपाचाच तंतोतंत भाग असते, बियांपासून झालेल्या रोपाबद्दल तसे म्हणता येत नाही.

मात्र सगळी रोपे वाफ्यात घालू नका. दहा-बारा रोपांची एक कुंडी बाल्कनीत राखून ठेवावी, फुले नाही आली तरी चालतील. सोसायटीच्या वाफ्यावर कधी रंगकाम करणाऱ्यांची शिडी पडते, कधी कोणी तण समजून सगळे उपटून टाकते. माझ्या वाफ्याचे एकदा तसे झाले आहे, आणि तो रंग मला पुन्हा मिळाला नाही.

वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करा आणि त्याला भिंतीकडून बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्या. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर निम्मा मुरूम आणि निम्मी माती, आणि वरच्या चार बोटांच्या थरात थोडे जुने शेणखत, एवढे पुरे. जास्त खत दिले, विशेषतः नत्र जास्त झाले, की पाने माजतात आणि फुले कमी येतात. मी महिन्यातून एकदा शेणखताचे पातळ पाणी देतो, त्यापलीकडे काही नाही.

पहिले दोन महिने वाफ्यात घोळ उगवत राहील. तीही याच कुळातली असल्याने लहानपणी चकवते, पण घोळीचे पान चपटे असते आणि ऑफिस टाइमचे सुईसारखे गोलसर असते. आजकाल रोपवाटिकांमध्ये चपट्या पानांचे, एकेरी मोठ्या फुलांचे जे पोर्तुलाका मिळते ते वेगळे आहे, आपले जुने नाही. घोळ उपटून भाजी करावी, मात्र वाफ्यावर कीटकनाशक मारले असेल तर ती खाऊ नये.

संत्रानगरी (नागपूर), 16 जुलै

उन्हाळ्यासाठी थोडेसे जोडतो. आमच्याकडे मे महिन्यात तापमान 45 अंशांपर्यंत जाते आणि गच्चीवर बाकी सगळे करपत असताना ऑफिस टाइम मात्र फुलत असते. तरीही काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या थेट गच्चीच्या फरशीवर ठेवू नयेत, त्यांतली माती इतकी तापते की मुळे भाजून निघतात. कुंडीखाली दोन विटा ठेवल्या तरी पुष्कळ फरक पडतो. पाणी सकाळी लवकर द्यावे.

मधुमालती (ठाणे), 23 नोव्हेंबर

उशिरा लिहीत आहे, क्षमस्व. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात वाफ्यात 44 रोपे लावली आणि अकरा बाल्कनीत राखली. वाफ्यातली चार गेली, तीही पाइपाने पाणी मारणाऱ्या वॉचमनदादांशी बोलायला मला उशीर झाला म्हणून. आज सकाळी दहा वाजता मोजली तेव्हा 60 फुले उमललेली होती. भिंतीच्या कोपऱ्याजवळ, जिथे पार्किंगच्या छपराची सावली अकरापर्यंत राहते, तिथल्या कळ्या तेव्हाही मिटलेल्याच होत्या. हिराचा प्रयोग केला, सर. तीन फुलांत पुंकेसर झुकले आणि माझी नात तासभर तिथून हलली नाही.

आई आता माझ्याकडेच असते. गुडघ्यांमुळे ती खाली उतरत नाही, म्हणून मी तिला रोज फोनवर छायाचित्र दाखवते. तिने विचारले आहे की बी धरते का. तिच्या अंगणात ते आपोआप पडून उगवत असे, त्यामुळे तिने कधी गोळा केले नव्हते. ते कसे करावे?

शाळेतली बाग (कोल्हापूर), 23 नोव्हेंबर

बी नक्की धरते. ज्या फुलांचे बी हवे आहे त्यांचे चिकट गोळे आता संध्याकाळी खुडू नका. पाकळ्या सुकून टोपीसारख्या वर राहतील आणि त्यांच्याखाली हरभऱ्याहून लहान, हिरवी बोंडी फुगू लागेल. ती पिवळसर आणि कागदासारखी पातळ झाली की टोपीला नुसता धक्का लागला तरी बोंडीचा वरचा अर्धा भाग डबीच्या झाकणासारखा अलग होतो. पोर्तुलाका हे नावही छोटे दार या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आले आहे, ते याच झाकणामुळे. आत पोलादी राखाडी रंगाचे, चमकदार, खसखशीहूनही बारीक बी असते. एका ग्रॅममध्ये ते साधारण 10,000 भरते. झाकण उघडण्याआधी बोंडीखाली घडी घातलेला पांढरा कागद धरावा, नाहीतर वाऱ्याच्या एका झुळकीने सगळे निघून जाईल.

बी चार दिवस सावलीत वाळवून कागदाच्या पुडीत ठेवा आणि फेब्रुवारीच्या अखेरीस, रात्री उबदार होऊ लागल्या की पेरा. चमचाभर बारीक वाळूत मिसळून ते ओल्या मातीवर भुरभुरवावे आणि वरून माती घालू नये, कारण या बियांना रुजायला उजेड लागतो. आठ ते पंधरा दिवसांत कोंब दिसतात. आसपास दुसऱ्या रंगाचे ऑफिस टाइम असेल तर मधमाश्यांमुळे रंग मिसळू शकतात, त्यामुळे आईंचा राणी रंग काड्यांनीच राखावा. पुडीवर आजची तारीख आणि आईंचे नाव लिहून ठेवा, आणि पिकलेल्या दोन बोंड्या देठासकट एका बशीत ठेवून वर न्या, म्हणजे झाकण आईंना स्वतःच्या हाताने उघडता येईल.